स्केटचा बूट फॅशनच्या दुकानात : वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे मित्र स्केटबोर्डिंगचे बूट बनवून घेऊन विकतो. अपर म्हणजे वरचा भाग स्वेडचं (मऊ, लवदार चामडं), सोल व्हल्कनाइज्ड, म्हणजे बुटासकट भट्टीत पक्का केलेला. महिन्याला पन्नासेक जोड जातात, घेणारे सगळे स्केटर. आता फॅशनच्या दुकानांत शिरायचं आहे. एक दुकानदार म्हणतो, स्वेडऐवजी रेक्झिन लावा, सोल आणखी पातळ करा आणि दहा रंग काढा. ऐकावं का? (पुणे)

उत्तर : तिन्ही गोष्टींना नाही म्हणा.

आधी रेक्झिन. व्हल्कनाइज्ड बुटाचा सोल आणि भोवतालची पट्टी कच्च्या रबराची असते. बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवलेला तसाच भट्टीत जातो आणि ११० अंशांच्या आसपास तासभर शिजतो. सुती कॅनव्हास आणि चांगलं स्वेड एवढी उष्णता सोसतं, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेलं रेक्झिन मात्र फुगतं किंवा सुरकुततं. मग कारखानदार चिकटवलेल्या तयार सोलकडे वळतो आणि तुमचा बूट बाजारातल्या कुठल्याही बुटासारखा दिसू लागतो. बोर्ड पायाला जाणवावा म्हणून तुमचा सोल मुळातच पातळ आहे. तो आणखी घटवलात तर चवड्याखाली आधी भोक पडेल. रंगांचं गणित तर साधं आहे. आठ मापं आणि दहा रंग म्हणजे ऐंशी प्रकार. २४० जोड काढले तर प्रत्येकाचे तीन. दुसऱ्या आठवड्यापासून गिऱ्हाइकाला "तुमचं माप नाही" हेच ऐकावं लागेल.

व्हॅन्सचा इतिहास याच वळणावर वाचण्यासारखा आहे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला सुरू झालेल्या या कंपनीचे जाड सोलाचे कॅनव्हासचे बूट स्केटरांनी आपणहून उचलले. १९८२ मध्ये एका हॉलिवूडपटात अभिनेता शॉन पेनच्या पायात चौकटीचे स्लिप-ऑन (बिननाडीचे बूट) दिसले आणि ते सगळीकडे पोचले. त्यानंतर कंपनी बास्केटबॉल, कुस्ती, ब्रेकडान्स अशा नाना प्रकारच्या बुटांच्या मागे लागली, खर्च वाढला, आणि १९८४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. बाहेर पडून तिने कर्ज फेडलं ते पुन्हा आपल्या जुन्या बुटांवर भर देऊन. फॅशनसाठी २००३ मध्ये तिने व्हॉल्ट ही वेगळी, महागडी मालिका काढली आणि ती निवडक दुकानांतच ठेवली. बुटांचे नमुने जुनेच होते, भारी झालं ते त्यांना लावलेलं साहित्य.

एअरवॉक या दुसऱ्या स्केट ब्रँडचं उलट झालं. आधी स्केटच्या दुकानांना वेगळे बूट मिळत, पुढे मॉलमध्ये आणि त्यांच्याकडे एकच माल दिसू लागला आणि स्केटरांनी पाठ फिरवली. नायकेचे स्केटमधले आधीचे प्रयत्न फसले होते. २००२ मध्ये मात्र तिने जाड जिभेचा 'डंक' नावाचा बूट फक्त छोट्या स्केट दुकानांना दिला, आणि फॅशनवाले तो शोधत तिथे आले.

म्हणून फर्मा, सोल आणि पुढच्या भागावरची दुहेरी शिलाई तशीच ठेवा. ऑली मारताना, म्हणजे बोर्डसकट उडी घेताना, बाहेरची कड ग्रिप टेपवर (बोर्डवरच्या खरखरीत पट्टीवर) घासते. तिथला रबरी अस्तराचा तुकडा दिसत नसला तरी काढू नका, बुटाची पत त्यावर आहे. दोन रंग फॅशनच्या दुकानांसाठी ठेवा, आणि एक रंग स्केटवाल्यांसाठी, जो दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

बदल करा तो मापांत. यूके ६ पासून सुरुवात करणारा ब्रँड बहुतेक मुलींना दारातूनच परत पाठवतो. १२० जोडांचा एक रंग असा विभागा : यूके ३ चे ८ जोड; ४, ५ आणि ६ चे प्रत्येकी १४; ७ चे १८, ८ चे २२, ९ चे १८, १० चे १२. दुकानाला पहिला माल बारा जोडांचा द्या, उरलेला तुमच्याकडे, म्हणजे संपलेलं माप आठवड्यात भरता येतं.

प्रश्न : छापील किंमत २,९९९ आहे. एक जोड आम्हाला ९५० ला पडतो. दुकान ४० टक्के मागतं आणि माल जांगड (विकला तर पैसे, नाहीतर परत) ठेवू म्हणतं. परवडेल का? (पुण्याचेच वाचक)

उत्तर : किंमत खाली आणा, तोटा जवळपास होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग जोडावर १८ टक्के. कर धरून २,९९९ ला विकलात तर करापूर्वी २,५४१ उरतात. २,५९९ ला विकलात तर २,४७५. गिऱ्हाइकाचे ४०० वाचतात, तुमचे ६६ जातात. २,६२५ च्या थोडी वर किंमत ठेवणं मात्र शुद्ध नुकसान आहे.

२,४७५ तून ४० टक्के गेले की १,४८५ उरतात. खर्च वजा जाता ५३५. यातूनच वाहतूक, खोका आणि परत आलेला माल निघायचा आहे, म्हणजे रोख खरेदीत जमतं, जांगडीत फार ओढाताण होते. जांगडीतून परत येतात ती टोकाची मापं, तीन आणि दहा, मधली सहसा नाहीत. दुकान हटूनच बसलं तर बारा जोड, साठ दिवस, दर महिन्याला हिशेब आणि प्रदर्शनात मळलेला जोड दुकानाचा, एवढं कागदावर घ्या. मोजे न देता शंभर जणांच्या पायात घातलेला जोड तुम्हीच परत घेतलात तर नफा तिथेच संपला.

प्रश्न : पावसाळ्यात खोक्यातल्या स्वेडवर बुरशी येते, पांढरी पट्टी पिवळी पडते आणि काळ्या बुटाचा रंग मोज्यांना लागतो. (रत्नागिरी)

उत्तर : तिन्ही दोष माल निघण्याआधीच धरता येतात. ओल्या पांढऱ्या कापडाने स्वेड दहा वेळा घासा. कापडाला ठळक रंग लागला तर तो लॉट घेऊ नका. काळा, मरून आणि गडद निळा हमखास तपासा. पट्टीच्या रबरात डाग न पाडणारा अँटिऑक्सिडंट (रबर लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालायला कारखान्याला सांगा. स्वस्तातला घातला की उन्हाने पिवळेपणा लवकर येतो. भरण्याआधी बूट दिवसभर उघडे सुकू द्या, आत प्लॅस्टिक नको, कोरा कागद कोंबा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. खोकी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून रचू नका, खाली लाकडी फळ्या हव्यात.