न घडलेल्या इतिहासातले सिनेमे खरे वाटावेत म्हणून काय करावं?

तुमची अडचण अशी दिसते: इतिहास वेगळा घडला असता तर कुठले सिनेमे निघाले असते, याच्या कल्पना तुम्ही लिहून काढता, पण वाचणाऱ्यांना त्या बनावट वाटतात.

तुमचं लिखाण न वाचताच अंदाज करतो. तुम्ही सिनेमा आधी ठरवत असणार आणि इतिहास त्याच्या मापाने बेतून घेत असणार. मीही बरीच वर्षं हेच केलं. लाडका दिग्दर्शक, लाडकी नटी आणि त्यांची गाठ पडावी म्हणून एखादं महायुद्धच रद्द! त्यातून निघते ती आपल्या आवडीनिवडींची यादी. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं.

त्यापेक्षा एखादा अर्धवट राहिलेला सिनेमा घ्या आणि त्यातली माणसं पुढे कुठे गेली ते शोधा. माझं आवडतं उदाहरण 'मुगल-ए-आझम'चं. आपण बघतो तो १९६० सालचा. पण दिग्दर्शक के. आसिफनी तो चाळीसच्या दशकातच सुरू केला होता, वेगळ्या संचात: अकबर चंद्रमोहन, सलीम सप्रू, अनारकली नर्गिस. फाळणी झाली, निर्माते शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, पैसा आटला. १९४९ मध्ये चंद्रमोहनही वारले आणि तो सिनेमा तिथेच संपला.

आता फाळणी काढून टाका. हकीम मुंबईतच आहेत आणि १९४८ च्या सुमारास सिनेमा पडद्यावर येतो. 'अमृतमंथन'मधले चंद्रमोहन यांचे ते डोळे आता अकबराचे! इथपर्यंत छान वाटतं. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि चूक तिथेच होते.

कारण हा सिनेमा फुकट मिळत नाही. मधुबाला गेली, दिलीपकुमार गेले. मुळात आसिफना इतकी वर्षं वाट बघावी लागली म्हणून काही भाग रंगीत करता आला, ते गेलं. शिवाय १९५३ मध्ये बीना रायला घेऊन त्याच कथेवर 'अनारकली' निघाला, तो आसिफचा सिनेमा अजून तयार नव्हता म्हणून मैदान मोकळं होतं तेव्हा. पाच वर्षांपूर्वीच नर्गिसची अनारकली येऊन गेली असती तर त्यात कुणी पैसे घातले असते? म्हणजे सी. रामचंद्रांची ती गाणीही गेली. इथे मला दरवेळी सौदा मोडावासा वाटतो.

आणखी खोल जा. फाळणी नाही म्हणजे गायिका-नटी नूरजहाँ पाकिस्तानात जात नाही. लता मंगेशकरांचं नाव घरोघर झालं ते १९४९ च्या 'महल'पासून. समोर नूरजहाँ गात असताना तो आवाज मागे पडला असता, असं मला वाटत नाही. पण कुठली गाणी कुणाकडे गेली असती, याचा हिशेब तुम्हाला मांडावाच लागेल. आणि बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक? ढाक्यात जन्मलेल्या या माणसाच्या मनातून फाळणी कधी गेलीच नाही. ती झाली नसती तर 'मेघे ढाका तारा' नाही, 'सुवर्णरेखा' नाही. लाखो माणसांची घरं वाचली, हे त्या सिनेमांपेक्षा मोठं आहे, यात वाद नाही. पण त्या जगात घटक काय करत असतील, हा प्रश्न मला अनारकलीपेक्षा जास्त छळतो.

माझा नियम एकच: एक काल्पनिक सिनेमा मिळवायचा असेल तर निदान एक खरा सिनेमा गमवायची तयारी ठेवा, आणि तोही आवडता. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर दिग्दर्शक होदोरोव्स्कींचा 'ड्यून' आहे. सत्तरच्या दशकात तो पैशाअभावी बारगळला. त्यासाठी जमलेल्यांपैकी लेखक डॅन ओबॅनन आणि चित्रकार गीगर पुढे १९७९ च्या 'एलियन'मध्ये एकत्र आले. 'ड्यून' बनवा जरूर, पण मग 'एलियन'चं काय ते सांगा.

दुसरं म्हणजे कच्ची फिल्म, म्हणजे चित्रीकरणासाठी लागणारी कोरी फिल्म. ही बाब कंटाळवाणी आहे, पण लेखनाला खरेपणा तिच्यामुळेच येतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात फिल्मवर नियंत्रण आलं आणि १९४३ मध्ये सिनेमाच्या लांबीला ११,००० फुटांची मर्यादा घातली गेली, म्हणजे साधारण दोन तास. १९६० चा 'मुगल-ए-आझम' सव्वातीन तासांच्या आसपास आहे. तुमच्या इतिहासात युद्ध १९५० पर्यंत लांबलं असेल, तर त्यात भव्य, सव्वातीन तासांचा ऐतिहासिक सिनेमा टाकू नका. गाणी कापा, लढाई उरका, दोन पात्रं उडवा. अशा कापाकापीत खरी मजा येते.

राहता राहिली मांडणी. अख्खी कथा सांगू नका. त्या जगातलं एखादं परीक्षण किंवा जाहिरात लिहा. मात्र तिथल्या माणसाला आपण काय गमावलं याचा पत्ता नसतो, हे विसरू नका. १९४८ चा समीक्षक मधुबालाची आठवण काढून उसासे टाकणार नाही. माझ्या वहीतला समीक्षक तर वैतागलेलाच आहे. तो लिहितो: "चंद्रमोहन यांचे डोळे सोडल्यास चित्रपटात लक्षात राहण्याजोगे काही नाही. लढाई तर आपण चहा पिऊन परत येईपर्यंत संपलेली असते."