अधिकाऱ्याला ‘आठवत नाही’ म्हणायला शिकवावे

पोलीस अधिकाऱ्यांना न्यायालयात साक्ष देण्याचे प्रशिक्षण मिळते का, आणि तसे प्रशिक्षण देणे म्हणजे साक्षीदाराला पढवणेच नव्हे का, असे आपण विचारले आहे. प्रशिक्षण मिळते. अभिरूप न्यायालय भरते, एक प्रशिक्षणार्थी वकील होतो, दुसरा आरोपी होतो, सगळे हसतात आणि तास संपतो. पढवण्याविषयी पुढे लिहितो, पण त्याआधी माझ्यावर काय गुदरले ते सांगणे भाग आहे.

मी उपनिरीक्षक असताना रात्रीच्या एका घरफोडीचा तपास माझ्याकडे होता. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्या आरोपीला फिर्यादीने रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याच्या उजेडात ओळखले होते आणि खटल्याचा सारा भार त्या एका दिव्यावर होता. माझी साक्ष लागली तेव्हा घटनेला तीन वर्षे उलटली होती, मधल्या काळात माझी दोनदा बदली झाली होती आणि समन्स हातात पडले ते तारखेच्या आदल्या दिवशी. मी तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, “केस डायरी पाठ कर आणि पिंजऱ्यात ‘आठवत नाही’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. अधिकाऱ्याला आठवत नाही म्हटले की न्यायाधीशांना वाटते, तपास दुसऱ्यानेच केला.” मी रात्रभर डायरी, म्हणजे तपासाची रोजच्या रोज ठेवलेली नोंद, पाठ केली. घटनास्थळाचा पंचनामा मात्र वरवर चाळला.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली माझी साक्ष, सुरळीत पार पडला. उलटतपासासाठी उठलेले बचाव पक्षाचे वकील वयस्कर आणि अतिशय मृदू बोलणारे होते. घराला दारे किती, कुंपण किती उंच, पंच कोणत्या बाजूने आले, असे ते विचारत गेले आणि मी एकाही प्रश्नाला न अडखळता उत्तरे देत गेलो; त्यांतली निम्मी मला खरोखर आठवत होती, उरलेली निम्मी तशीच असणार म्हणून मी देत होतो. मग त्यांनी विचारले, “आपण पोहोचलात तेव्हा खांबावरचा दिवा चालू होता?” मी म्हणालो, “होय, चालू होता.” त्यांनी न्यायालयात निशाणी म्हणून दाखल असलेला पंचनामा माझ्या हातात देवविला आणि शेवटून तिसरी ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. माझ्याच अक्षरात लिहिले होते: “सदर ठिकाणी उजेड नसल्याने बॅटरीच्या उजेडात पंचनामा केला.” त्यानंतर नोंदीत गेलेले वाक्य मला अजून पाठ आहे: “हे म्हणणे खरे आहे की, पंचनाम्याच्या वेळी घटनास्थळी उजेड नव्हता.”

खरी गोष्ट अशी की चोरीनंतर तासाभराने त्या भागातली वीज गेली होती आणि फिर्यादीने ते मला तेव्हाच सांगितले होते. मी ते त्याच्या जबाबातही घेतले नाही आणि पंचनाम्यातही लिहिले नाही. फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा प्रश्न विचारताना, सरकारी वकिलांनी ते माझ्याकडून काढण्याचा प्रयत्न केला, पण तोवर ती पश्चातबुद्धी दिसत होती. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मी पंचनामा पाहून सांगतो, असे म्हणालो असतो, तर निदान माझ्या साक्षीमुळे तो खटला बुडाला नसता.

वरिष्ठांचे मत मात्र असे पडले की मी डायरी नीट पाठ केली नव्हती. हा वाद आमच्यात त्यानंतर कित्येक वर्षे चालला. त्यांचा युक्तिवाद असा होता की पिंजऱ्यात कागद पाहिला की तो बचाव पक्षाच्या हाती जातो. केस डायरीपुरते हे खरे आहे. एरवी आरोपीला ती मागता येत नाही, पण अधिकाऱ्याने स्मृती ताजी करण्यासाठी ती वापरली की तो भाग बचाव पक्षाला पाहता येतो. परंतु पंचनाम्याची प्रत दोषारोपपत्राबरोबर आरोपीला मिळालेलीच असते, मग लपवायचे ते काय? आपण त्या वेळी केलेले लिखाण पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५९ ने दिली होती आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ ने ती कायम ठेवली आहे. कायद्याने दिलेली सोय न वापरणे याला मी बाणा म्हणत नाही, अडाणीपणा म्हणतो.

पढवण्याचेही उत्तर यातच आहे. अधिकाऱ्याने स्वतःचे कागद वाचून जाणे हे पढवणे नव्हे. उत्तर दुसऱ्याने पुरवले की पढवणे सुरू होते. साक्षीच्या आदल्या दिवशी साक्षीदारांना पोलीस ठाण्यात बोलावून पढवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात पोलिसांना खडसावले, ते योग्यच झाले.

माझ्या मते प्रशिक्षणात आवाज आणि उभे राहण्याची ढब यांवर वेळ घालवू नये. प्रशिक्षणार्थ्याने वर्षभरापूर्वी लिहिलेला पंचनामा त्याच्यासमोर ठेवावा, फौजदारी वकिली करणाऱ्या माणसाकडून त्याचा उलटतपास घ्यावा आणि झालेली नोंद त्यालाच वाचायला लावावी. साक्षीदार न्यायालयात सांगतो ती महत्त्वाची गोष्ट पोलिसांपुढच्या त्याच्या जबाबात नसेल तर ती वगळणूकही विसंगती ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तहसीलदार सिंग खटल्यातील १९५९ च्या निकालापासून सर्वांना ठाऊक आहे. पण साक्षीदाराने सांगितलेली वीज गेल्याची गोष्ट आपण लिहिलीच नाही, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करताना काय वाटते, ते पिंजऱ्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. साक्ष संपल्यावर नोंद वाचून दाखवतात ती ऐकूनच सही करावी, हेही शिकवावे. मी त्या दिवशी न ऐकताच सही केली.

हे सारे १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू होण्यापूर्वीच्या अनुभवावरून लिहिले आहे. आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, त्यामुळे काही प्रश्न बदलतील. शिवाय प्रत्येक प्रश्नाला ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची साक्षही कोणी गंभीरपणे घेत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या वरिष्ठांच्या एका साक्षीची प्रत मी पुढे मुद्दाम मिळवून वाचली. अकरा पानांत ‘आठवत नाही’ एकदाही नाही. तो आरोपीही सुटला. पंच फितूर झाले म्हणून, असे त्यांचे म्हणणे आहे.