पिल्लू घरी आणण्यापूर्वी : कुत्र्याच्या जातीविषयी वाचकांचे प्रश्न

‘आमच्यासाठी कोणती जात योग्य?’ हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या शब्दांत येतो, की त्याची एकत्रित उत्तरे देणे आता आवश्यक झाले आहे. (काही वाचक ‘कोणती प्रजाती’ असे लिहितात. चिहुआहुआपासून ग्रेट डेनपर्यंत सगळे कुत्रे एकाच प्रजातीचे असतात. वेगळ्या असतात त्या जाती.) खेदाची बाब अशी, की यांतली बरीचशी पत्रे पिल्लू घरात येऊन पंधरा दिवस उलटल्यावर लिहिलेली असतात, आणि तोवर उत्तराचा निम्मा उपयोग संपलेला असतो.

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि आम्ही दोघेही सकाळपासून नऊ तास बाहेर असतो. लहान आकाराचीच जात घ्यावी ना?

कुत्र्याच्या आकाराची घराच्या आकाराशी सांगड घालणे ही या विषयातली सर्वांत रूढ चूक आहे. एखादी जात मुळात कोणत्या कामासाठी तयार केली गेली, हे आधी पाहावे. जॅक रसेल टेरियर गुडघ्यापर्यंतही पोहोचत नाही, पण बिळात दडलेल्या कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठी त्याची पैदास झाली. त्यामुळे रिकामा बसवल्यास तो तुमचा सोफा उकरणार. बीगल हा वासाचा माग काढत जाणारा आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळावे म्हणून गळा काढणारा कुत्रा आहे, आणि तो आवाज एका भिंतीने अडत नाही. याउलट ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो, पण ते धावणे थोड्या वेळाचे असते आणि उरलेला बहुतेक दिवस तो निवांत पडून काढतो. मेंढ्या वळण्यासाठी तयार केलेल्या बॉर्डर कॉलीला मात्र दिवसभर डोक्याला आणि पायांना काम लागते. कळप नसला की तो सायकली, मोटारी आणि घरातली मुले वळू लागतो.

तुमची खरी अडचण खोल्यांची नसून त्या नऊ तासांची आहे. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून अधिक वेळ लघवी रोखता येत नाही, आणि एकटे राहण्याची सवय त्याला थोडी थोडी करून लावावी लागते. मधल्या वेळेत घरी येऊन पिल्लाकडे पाहणारे खात्रीचे माणूस ठरत नाही, तोवर मी तुम्हाला कोणतीही जात सुचवणार नाही. प्रौढ कुत्र्याचा विचार होऊ शकेल; त्यासाठी तुमची दिनचर्या कागदावर लिहून जवळच्या पशुवैद्याला दाखवा.

प्रश्न : ‘टीकप’ जातीचे पिल्लू कुठे मिळेल?

अशी जात नाही. अगदी इवल्या पिल्लांना विक्रीसाठी दिलेले ते नाव आहे, आणि त्या नावाखाली बहुधा अशक्त, अपुऱ्या वजनाची किंवा वय लपवलेली पिल्ले विकली जातात. एक वेळ खाणे चुकले तरी त्यांच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : मुलाला दमा आहे. ॲलर्जी न होणारी जात म्हणून लॅब्राडूडल सुचवण्यात आला. घ्यावा का?

मुलाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. ॲलर्जी केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांमुळे ती होते. केस ती प्रथिने घरभर पसरवतात एवढेच. केस कमी गळणाऱ्या जातीही ही प्रथिने तयार करतात. ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ या मुख्य प्रथिनाचे प्रमाण इतर जातींपेक्षा कमी नसून उलट अधिक असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

लॅब्राडूडलचा इतिहास हेच सांगतो. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी एका अंध महिलेसाठी, जिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती, लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. त्या वेतात तीन पिल्ले झाली आणि त्या पतीला चालण्याजोगे त्यांतले एकच निघाले. त्या एका पिल्लाच्या जोरावर पुढे सगळ्या संकराला ‘सुरक्षित’ हे विशेषण चिकटवले गेले, आणि या संकराबद्दल कॉनरन यांनी नंतर जाहीरपणे खेद व्यक्त केला. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी ठरवलेल्या त्याच कुत्र्याच्या सहवासात मुलाला वेगवेगळ्या दिवशी काही तास ठेवून मग निर्णय घ्यावा.

प्रश्न : नर घ्यावा की मादी?

एकेका कुत्र्यातला फरक नर-मादीतल्या फरकापेक्षा मोठा असतो. दोन्हींच्या बाबतीत निर्बीजीकरण कधी करायचे, हे मात्र जातीनुसार बदलते, तेव्हा ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे गोल्डन रिट्रीव्हरची पस्तीस दिवसांची पिल्ले आहेत. ‘लहानपणीच नेले की लळा चांगला लागतो, आणि थांबलात तर पिल्लू उरणार नाही,’ असे तो म्हणतो. काय करावे?

आणू नये. हे उत्तर लांबणार आहे, कारण जात कोणती यावर कुटुंबे तीन-तीन महिने खल करतात आणि पिल्लाचे वय किती व त्याची आई कुठे आहे, हे दोन प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्या काळात ते जे पाहते, ऐकते आणि हुंगते त्याला ते जन्मभर सहसा घाबरत नाही. या काळाचा पहिला भाग आईचा आणि भावंडांचा असतो. दोन पिल्ले मस्ती करत असताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरे किंचाळते आणि खेळ सोडून बाजूला होते. चावणारे क्षणभर गोंधळते आणि पुढच्या वेळी जबडा जरा सैल ठेवते. दात टोचू लागल्यावर आईही गुरगुरून उठून जाते. जबड्याचा जोर आवरण्याचे हे शिक्षण माणसाला इतक्या नेमकेपणाने देता येत नाही. पस्तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचे ते अर्ध्यावर राहते, आणि चौथ्या महिन्यात मालक हातावरचे ओरखडे दाखवत ‘ही जातच आक्रमक आहे का?’ असे मला विचारतात. आईपासून ३० ते ४० दिवसांत तोडलेल्या आणि ६० दिवसांनी नेलेल्या कुत्र्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत भित्रेपणा, अति भुंकणे, नासधूस आणि खाण्यावरून गुरगुरणे या तक्रारी अधिक होत्या.

दुसरी बाब आरोग्याची. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेले संरक्षण याच आठवड्यांत ओसरत असते आणि लसीचे संरक्षण अजून तयार झालेले नसते. नेमक्या त्या फटीत पिल्लाला प्रवास, नवे अन्न आणि नवे घर यांचा ताण सोसावा लागतो. पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणाऱ्या पार्व्होच्या विषाणूला एवढी संधी पुरते.

मग विक्रेत्याला घाई कशासाठी? पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भरपूर खाते, घाण करते, त्याला जंतनाशक द्यावे लागते आणि पहिली लसही टोचावी लागते. शिवाय त्याचा गोल गुबगुबीतपणा ओसरू लागतो. ‘लळा लागतो’ या वाक्यात हा सगळा हिशेब दडलेला आहे. पस्तीस दिवसांचे पिल्लू चिकटते ते लळ्याने नव्हे, दुसरा आधारच उरलेला नसतो म्हणून.

कागदावर लिहिलेल्या वयावरही विसंबू नका. मागे एक लॅब्राडोरचे पिल्लू तपासणीसाठी आले होते. कार्डावर वय आठ आठवडे. वरचा ओठ उचलला, तर सुळे सुईच्या टोकाएवढे डोकावत होते, पुढच्या दातांची रांग अर्धवट होती, आणि मागे दाढांच्या जागी बोट फिरवल्यावर नुसती गुळगुळीत हिरडी लागली. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे २८ दुधाचे दात बहुतेक सगळे आलेले असतात. दातांवरून वय ठरवताना थोडेफार मागेपुढे होते, हे मान्य. पण हे पिल्लू पाच आठवड्यांचेही नसावे. बशीतले खाणे त्याला धड चाटताही येत नव्हते, आणि मालकांची तक्रार होती ती ‘फार नखरे करते’ अशी.

तेव्हा पिल्लू आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच, आणि त्याच्या आईला प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. ‘आई दुसऱ्या जागी आहे’, ‘आई आजारी आहे’, ‘पिल्लू आम्हीच रस्त्यापर्यंत आणून देतो’ यांपैकी काहीही ऐकू आले, तर तेथून परत फिरावे. आई अनोळखी माणसापुढे थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लू कितीही देखणे असले तरी तेच करावे. आणि उलट टोकही टाळा : चौथ्या महिन्यापर्यंत पिंजऱ्यातच वाढलेले पिल्लू उशिरा आलेले असते. घरी आणलेल्या पिल्लाला लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रहदारी, मुले, छत्र्या आणि गाड्या दाखवता येतात; तुमच्या भागातला संसर्गाचा धोका पाहून त्याची मर्यादा पशुवैद्याकडून समजून घ्या.

प्रश्न : पग झोपेत घोरतो ते गोड वाटते. सांभाळायला सोपी जात आहे का?

घोरणे म्हणजे श्वासमार्गातला अडथळा. पगसारख्या आखूड तोंडाच्या जातींच्या तोंडाचे हाड पैदाशीतून आखूड केले गेले, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. त्यामुळे नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद राहतात आणि लांब पडलेली मऊ टाळू श्वासाच्या वाटेवर लोंबते. कुत्रा शरीर थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि याला नेमके तेच नीट करता येत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग आणि इंग्लिश बुलडॉग यांना उष्माघात लवकर होतो तो यामुळेच. अति आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर नेदरलँड्सने निर्बंध घातले आहेत, ते उगीच नाही. तरीही घ्यायचाच असेल, तर नाकपुड्या उघड्या असलेला निवडा, आई-वडिलांना तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवून त्यांचा श्वास ऐका, आणि पैसे देण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : घरात तीन आणि पाच वर्षांची मुले आहेत. लॅब्राडोर मुलांचे सगळे सहन करतो, असे सगळेच सांगतात.

सगळे सांगतात, हीच अडचण आहे. लॅब्राडोर ही कुटुंबासाठी चांगली जात आहे, पण सहनशीलतेची हमी कोणत्याही जातीबरोबर मिळत नाही. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासणाऱ्या २०२२ सालच्या संशोधनात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून झाला, आणि कुत्रा किती चटकन चिडेल हे तर जातीवरून जवळपास सांगताच आले नाही. लहान मुलांना चावे बहुधा ओळखीच्या कुत्र्याचे असतात आणि घरातच होतात. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. ही त्याची आधीची विनंती असते, आणि ती मोठ्यांनी वाचायची असते. कुत्रा आणि लहान मूल यांना एकटे सोडू नये, मग जात कोणतीही असो.

एक जाता जाता : जवळपास एकचतुर्थांश लॅब्राडोरमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकात असा बदल असतो, की त्यांची भूक भागतच नाही. मुलांच्या ताटाखाली बसणारा लॅब्राडोर कसा फुगतो, ते मी रोज पाहतो. त्याचे खाणे मोजून द्या आणि वजनाचा तक्ता पशुवैद्याकडून करून घ्या.

प्रश्न : उष्ण हवामानात सायबेरियन हस्कीचे केस पूर्ण कापले तर चालेल का?

नाही. त्याची दुहेरी लव उन्हापासून संरक्षणही करते, आणि मुळातून कापल्यावर ती पूर्ववत येईलच असे नाही. उष्ण भागात ही जात न निवडणे हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रश्न : पिल्लाला वंशावळीचे प्रमाणपत्र आहे आणि रंगही दुर्मीळ आहे. मग आरोग्याची काळजी नको ना?

वंशावळ म्हणजे आजोबा कोण याची नोंद; त्या आजोबांचे खुबे कसे होते, हे ती सांगत नाही. जर्मन शेफर्ड, रिट्रीव्हर अशा जातींत आई-वडिलांच्या खुब्यांच्या एक्स-रेचा अहवाल मागावा, डाल्मेशियनमध्ये श्रवणचाचणीचा. ‘दुर्मीळ रंग’ हे तर जास्त पैसे मागण्याचे निमित्त असते. ठिपकेदार ‘मर्ल’ रंगाचे नर-मादी एकमेकांशी लावले, तर सरासरीने चारांतले एक पिल्लू त्या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती घेऊन जन्मते, आणि अशा पिल्लांत बहिरेपणा व डोळ्यांचे दोष मोठ्या प्रमाणात आढळतात. कागद मला किंवा तुमच्या पशुवैद्याला आधी दाखवा.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांच्या सोबतीला पिल्लू द्यावे का?

पिल्लू देऊ नये. ते पायांत घुटमळते आणि रात्री दोनदा उठवते. पाच-सहा वर्षांचा, शांत, दोरी न ओढणारा, संमिश्र जातीचा कुत्रा पाहावा. त्याचा आकार आणि स्वभाव दोन्ही आधीच समोर असतात. मात्र आई-वडिलांना तो हवा आहे का, हे त्यांनाच विचारा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : काल कॉकर स्पॅनियलचे पिल्लू आणले. खेळते आहे, एकदाच पातळ शौचास झाली. तपासणीला पुढच्या महिन्यात नेले तर चालेल का?

चालणार नाही. आजच न्या, आणि सोबत शौचाचा नमुना व लसीचे कार्ड घ्या.