वाचकांचे प्रश्न : साध्या छोट्या गाडीची वेगवान आवृत्ती

छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या ताकदवान आवृत्त्यांविषयी गेल्या काही काळात बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी माझी पहिली गाडी घेत आहे. मला आवडलेल्या मॉडेलची साधी आणि ‘स्पोर्टी’ अशा दोन्ही आवृत्त्या शोरूममध्ये आहेत. किमतीत चांगलाच फरक आहे, पण विक्रेता केवळ अश्वशक्तीचा आकडा सांगतो. हे जादा पैसे नेमके कशाचे द्यायचे? – एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेत्याला इंजिनाविषयी विचारण्याआधी ब्रेक, सस्पेन्शन (रस्त्याचे धक्के झेलणारी चाकांवरची रचना) आणि टायर यांविषयी विचारावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. ज्या गाडीने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला, त्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयकडे पाहिल्यास त्यामागचे कारण स्पष्ट होते. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडलेली आणि १९७६ मध्ये विक्रीस आलेली ही गाडी साध्या गोल्फवरच बेतलेली होती. तिच्या १.६ लिटर इंजिनाला फ्युएल इंजेक्शन (इंधन मोजून फवारणारी यंत्रणा) दिल्यामुळे ११० अश्वशक्ती मिळत होती आणि वजन जेमतेम आठशे किलोंच्या आसपास होते. परंतु अभियंते इंजिनापाशी थांबले नाहीत. त्यांनी गाडीची उंची कमी केली, वळणावर ती कलू नये म्हणून अँटी-रोल बार बसवले, रुंद टायर घातले आणि पुढच्या चाकांना हवेने थंड होणारे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी पकडणारे ब्रेक) दिले. कंपनीने सुमारे पाच हजार गाड्यांचाच विचार केला होता. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्याआधी, १९६१ मध्ये, शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांच्या सहभागातून साध्या मिनीची वेगवान आवृत्ती मिनी कूपर आली, तेव्हाही मोठ्या इंजिनाबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले होते. याच छोट्या गाडीने पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली.

ब्रेकवर आमचा इतका भर असण्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून आपण १०० वर गेलो, तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकला उष्णतेच्या रूपात पचवावी लागणारी ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. आंबा घाट किंवा आंबोली उतरताना ताकदवान इंजिनाची गाडी प्रत्येक वळणानंतर चटकन वेग घेते आणि पुढच्या वळणाआधी तो सगळा वेग ब्रेकलाच उतरवावा लागतो. असे वारंवार झाले की ड्रम ब्रेक (बंद डब्यासारख्या भागात बसवलेले ब्रेक) आतल्या आत तापत जातात, तर उघड्यावर असलेली डिस्क तुलनेने लवकर थंड होते. म्हणूनच १०२ अश्वशक्तीचे १ लिटर टर्बो (जादा हवा दाबून आत भरणारे) इंजिन देताना मारुतीने २०१७ च्या बलेनो आरएसला मागेही डिस्क दिल्या, हे आम्हाला त्या गाडीतील सर्वांत प्रामाणिक काम वाटते. टाटाच्या २०१८ च्या टियागो जेटीपीमध्ये ११४ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, बदललेले सस्पेन्शन आणि रुंद टायर होते, आणि इतक्या कमी किमतीत तेवढे काम क्वचितच कोणी केले असेल. मागे मात्र ड्रमच राहिले, ही उणीव आम्हाला नेहमी खटकली.

आपल्याला मिळालेल्या माहितीपत्रकात केवळ लाल शिलाईची आसने, काळे छत, मागचा स्पॉयलर आणि दारावरचे पट्टे एवढेच वेगळे दिसत असेल, तर ते पैसे चांगल्या टायरांसाठी राखून ठेवावेत. साध्या आणि स्पोर्टी अशा दोन्ही गाड्या एकाच खडबडीत रस्त्यावर चालवून पाहाव्यात. कडक सस्पेन्शनचा त्रास मागे बसणाऱ्यांना अधिक होतो, तेव्हा घरातील ज्येष्ठांना बरोबर न्यावे.

प्रश्न : युरोपातील ह्युंदाई आय२० एन आणि सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट या गाड्या भारतात का येत नाहीत? आपल्याकडे मिळणारी आय२० एन लाइन म्हणजे तीच गाडी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, एन लाइन ही वेगळी गाडी आहे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या एन लाइनला साध्या आय२० टर्बोचेच १ लिटरचे १२० अश्वशक्तीचे इंजिन आहे. तिचे सस्पेन्शन अधिक कडक केले आहे, सायलेन्सरचा आवाज बदलला आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे तिला निव्वळ सजावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. युरोपातील एन मात्र १.६ लिटर टर्बो इंजिनाची, २०४ अश्वशक्तीची गाडी होती आणि तिची चाल अगदी निराळी होती.

अशा गाड्या आपल्याकडे न येण्यामागे करांचा फार मोठा वाटा आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत (१.२ लिटर) असेल तरच गाडीला ‘छोटी’ मानून कमी कर लावायचा, ही पद्धत २००६ पासून चालत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यावरही छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के अशी विभागणी कायम राहिली. स्विफ्ट स्पोर्ट लांबीच्या अटीत सहज बसत होती, पण तिचे इंजिन १.४ लिटरचे असल्यामुळे ती थेट वरच्या गटात गेली असती. फियाटच्या पुंतो अबार्थचे हेच झाले. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, १४५ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही गाडी २०१५ मध्ये सुमारे दहा लाखांना आली, आणि त्या पैशांत मोठी सेदान मिळत असताना छोटी गाडी घेण्यास मोजकेच लोक तयार झाले. आयात केलेल्या गाड्यांचे तर विचारायलाच नको. २०१६ मध्ये तीन दारांची, १९२ अश्वशक्तीची पोलो जीटीआय सुमारे २६ लाखांना, तर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली.

आमच्या मते इंजिनाच्या आकाराची ही अट आता कालबाह्य झाली आहे. टर्बोमुळे आज १ लिटरच्या इंजिनातून १२० अश्वशक्ती मिळते आणि त्याला सवलत लागू होते. त्याहून कमी ताकदीच्या साध्या १.४ लिटर इंजिनाला मात्र ती मिळत नाही. प्रत्यक्ष धुरावर आणि इंधनाच्या खपावर कर आकारला, तर रांजणगाव आणि चाकणसारख्या ठिकाणी ज्यांनी अशा गाड्या एकदा बनवून दाखवल्या आहेत, त्यांना पुन्हा काही चांगले करण्यास वाव मिळेल.

प्रश्न : माझ्याकडे २०२१ ची पोलो १.० टीएसआय आहे. तिचे इंजिन रिमॅप करून ताकद वाढवावी, की ती विकून जुनी पुंतो अबार्थ घ्यावी? दुसरे असे की, ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर माझ्या गाडीचे स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढ घेते. हा दोष आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रिमॅप करताना इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवतात. तेवढ्याने ताकद मिळते, पण क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात, आणि कंपनीने ज्या टॉर्कसाठी (चाके फिरवणाऱ्या जोरासाठी) ते तपासलेले असतात, त्याहून अधिक भार त्यांच्यावर रोज पडतो. कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलांत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या बाबतीत कडक भूमिका घेतली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

त्यामुळे, चांगली राखलेली अबार्थ मिळत असेल तर आमचा कौल तिच्या बाजूने आहे, कारण तिचे इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक एकमेकांसाठी तयार केलेले आहेत. मात्र घाई करू नये. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याचे बिल मागावे, थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते पाहावे, आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग घासला आहे का ते तपासावे, कारण ही गाडी साध्या पुंतोपेक्षा खाली आहे. आधीच्या मालकाने रिमॅप केला होता का, हेही स्पष्टपणे विचारावे. तिच्या इंजिनाचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट या सेदानशी जुळतात, त्यामुळे ते जाणणारा मेकॅनिक नाशकात आधी शोधून मगच व्यवहार करावा. केवळ अबार्थसाठी बनलेले सस्पेन्शनचे व बाहेरचे भाग मिळवणे कठीण जाते.

आता स्टिअरिंगच्या ओढीविषयी. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन आडवे आणि गिअरबॉक्स एका बाजूला असतो, त्यामुळे अनेकदा दोन चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी सारखी नसते आणि अचानक मोठा टॉर्क आला की गाडी क्षणभर एका बाजूला ओढते. ताकदवान गाड्यांत यावर उपाय म्हणून दोन्ही शाफ्टची लांबी सारखी राहील अशी रचना करतात. आपल्या गाडीची ओढ केवळ जोरात वेग घेताना जाणवत असेल, तर काळजीचे कारण नाही; तरी दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जातानाही गाडी एकीकडे जात असेल तर व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा) तपासावी, आणि ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे, कारण एखादे कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) अडकलेले असण्याची शक्यता असते.