एनव्हिडियाच्या जीटी ७३० या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला की उबंटू लिनक्सची स्क्रीन काळी पडते. डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) बदलू की विंडोजवर परत जाऊ?

"३ वेळा फॉर्मॅट करून पाहिलं" हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या प्रश्नांना उत्तरं देणं मी केव्हाच सोडलंय. पण या कामासाठी कुणी फॉर्मॅट मारला की माझं डोकं फिरतं. का, ते पुढे येईलच.

आधी तुमचं बघू. उबंटू २४.०४, जीटी ७३० कार्ड. नुसतं उबंटू टाकल्यावर स्क्रीन नीट दिसते. एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून टाकला की रीस्टार्टनंतर अंधार. आणि विचारताय की मिंट टाकू, फेडोरा टाकू की गुपचूप विंडोजवर जाऊ. मिंट टाकलंत तर मेनू बदलेल, अंधार तोच राहील. कार्ड तेच आणि ड्रायव्हरही तोच, मग वेगळं काय होणार? विंडोजचं तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाच्या पाया पडायला येणार नाही.

आता सांगा, कार्डात चिप कुठली आहे ते पाहिलंत का? डब्यावर काय छापलंय ते मी विचारत नाहीये. जीटी ७३० हे कार्ड २०१४ साली आलं आणि त्या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. काहींत जीएफ१०८ आहे, म्हणजे जुनी फर्मी, ९६ कोरवाली. काहींत जीके२०८, म्हणजे केप्लर, ३८४ कोरवाली. नाव तेच, त्यामुळे दुकानदारालाही फरक माहीत असतोच असं नाही. फर्मीला ३९० शाखेचा (शाखा म्हणजे ड्रायव्हरची मालिका) ड्रायव्हर लागतो, त्याचा सपोर्ट २०२२ सरताना संपला. केप्लरला ४७० शाखा लागते, तिचाही २०२४ मध्ये संपला. साइटवर सगळ्यात वर जो ताजा ड्रायव्हर दिसतो तो या दोघांपैकी एकालाही हात लावत नाही. टर्मिनल उघडा, एलएसपीसीआय (lspci) ही कमांड मारा, व्हीजीए लिहिलेली ओळ शोधा आणि 'जीफोर्स जीटी ७३०' च्या आधी जीएफ लिहिलंय की जीके ते वाचा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

हे मला इतकं पाठ असायचं कारण म्हणजे विट्याला तहसीलसमोर माझ्या मावसभावाचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, प्रतिज्ञापत्रं, आणि 'सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या'. पूर्वी तिथे चोरीचं विंडोज होतं. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येणार, त्यातून व्हायरस शिरणार, मग गावातला कॉम्प्युटर असेंबल करून देणारा पोरगा येऊन फॉर्मॅट मारणार आणि पैसे घेऊन जाणार. ही वारी कायम चालू. शेवटी मी एका दिवाळीत बसून लिनक्स मिंट टाकलं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, लिब्रेऑफिस, ब्राउझर, प्रिंटर, संपलं. वहिनीसुद्धा त्यावर फॉर्म भरायला लागली. दादा खूश, मी कॉलर ताठ करून पुण्याला परत, आणि त्या पोराचं फॉर्मॅटचं उत्पन्न बंद. तेव्हापासून तो माझ्यावर खार खाऊन आहे असं माझं मत. दादाला ते पटत नाही.

मग दादाला दुसरा मॉनिटर हवा झाला. गिऱ्हाइकाला आपला फॉर्म समोर दिसला की नावातल्या चुका तिथल्या तिथे सापडतात, मागून भांडण नको. कल्पना चांगली होती. पण त्याच्या जुन्या मदरबोर्डला एकच व्हीजीए पोर्ट. तर या पोराने कुठूनतरी सेकंड हँड जीटी ७३० आणून बसवलं, यूट्यूबवर बघून एनव्हिडियाच्या साइटवरची .रन फाइल (ड्रायव्हरचा इन्स्टॉलर) उतरवली, एकामागून एक 'यस' दाबत गेला, रीस्टार्ट केलं आणि दोन्ही मॉनिटर काळे. त्यावर त्याचं निदान: "लिनक्सला ग्राफिक कार्ड चालतच नाही. विंडोज मारून देतो, संध्याकाळपर्यंत होईल."

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो. "काळं कुट्ट झालंय बघ. हा फॉर्मॅट मारतो म्हणतोय. मारू दे का?" त्या डिस्कवर त्याच्या सगळ्या अर्जांचे नमुने, भाडेकरार, गिऱ्हाइकांचे स्कॅन. बॅकअप अर्थातच नाही. मी म्हटलं, त्याला चहा पाज आणि खुर्चीवरून उठव.

पुढचं सगळं फोनवर झालं. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरायला लावली, ग्रबचा मेनू (मशीन चालू होताना काय सुरू करायचं ते विचारणारा) आला, ॲडव्हान्स्डमधून रिकव्हरी मोड, तिथून रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेली कमांडची स्क्रीन. (नव्या यूईएफआय मशीनवर शिफ्टऐवजी एस्केप.) रिकव्हरी मोडमध्ये ग्राफिक्सचे ड्रायव्हर बाजूला ठेवून साधी स्क्रीन येते, त्यामुळे काळोखात चाचपडावं लागत नाही. मग एलएसपीसीआय. दादा एकेक अक्षर वाचतोय, मागे वहिनी गिऱ्हाइकाला सांगतेय की मशीन बंद आहे. "जी, एफ, एक, शून्य, आठ." फर्मी. आणि त्या पोराने टाकलेला ड्रायव्हर होता ४७० चा.

मग लॉग. डीमेसेज, उभी रेघ, ग्रेप, एनव्हीआरएम (dmesg | grep NVRM), म्हणजे मशीनच्या नोंदींतून एनव्हिडिया ड्रायव्हरच्या तेवढ्या ओळी. ती उभी रेघ एंटरच्या वर असते आणि शिफ्टबरोबर येते, हे दादाला सापडेपर्यंत माझा मॅनेजर जिन्यातून दोनदा गेला. पण जी ओळ आली ती दादाने वाचली तेव्हा मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ड्रायव्हर स्वतःच इंग्रजीत लिहितो: या मशीनमधल्या जीटी ७३० ला ३९० चा जुना ड्रायव्हर चालतो, ४७० चा ड्रायव्हर या कार्डाकडे दुर्लक्ष करेल. दादा म्हणाला, "म्हणजे ह्याला दिसतंय समोर कार्ड आहे, पण हा बोलत नाही त्याच्याशी. आपल्या भावकीसारखं."

अगदी तसंच. आणि स्क्रीन काळी का, तर .रन फाइल टाकताना तिने नुवोला ब्लॅकलिस्ट केलं होतं, म्हणजे सुरूच होऊ नये अशी बंदी घातली होती. नुवो म्हणजे कर्नलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) येणारा मुक्त ड्रायव्हर, ज्यावर कंपनीचा ड्रायव्हर टाकण्याआधी तुमची स्क्रीन नीट दिसते. तो हाकलला आणि नवा आला तो कार्डाला ओळख देईना. दोघांपैकी कुणीच कामावर नाही. बिघाड म्हणावा असा एवढाच होता.

उपाय त्याहून छोटा. रूट शेलमधून एनव्हिडिया-अनइन्स्टॉल चालवलं. ईटीसीतल्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये नुवो ब्लॅकलिस्ट करणारी फाइल उरली होती ती काढली, अपडेट-इनिटरॅमएफएस (update-initramfs -u) मारलं (हे विसरलात तर जुनी ब्लॅकलिस्ट बूटच्या वेळी तशीच लागू राहते), रीस्टार्ट. दोन्ही मॉनिटर लागले. फॉर्मॅट नाही, विंडोज नाही, एक फाइल हलली नाही.

तो पोरगा काय म्हणाला? "नशीब." आजही तो गिऱ्हाइकांना हेच सांगतो की लिनक्सवर ग्राफिक कार्ड चालत नाही. अरे, चालत नाही कसं? तू लॉग वाचला नाहीस! कारण लिहून ठेवलेलं होतं, आणि फॉर्मॅट मारला असतास तर डिस्कबरोबर तेही पुसून गेलं असतं. हा वाद मी दर सुट्टीत त्या दुकानासमोर उभा राहून घालतो आणि दादा दर वेळी म्हणतो, जाऊ दे ना.

तर तुमच्याकडे जीएफ निघालं तर हेच करा आणि नुवोवर समाधान माना, सपोर्ट संपलेल्या ३९० च्या मागे लागू नका. जीके निघालं तर आधी .रन फाइलचा संसार वरच्यासारखाच आवरा, मग सुडो उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस (sudo ubuntu-drivers devices) मारा, त्या यादीत ४७० दिसेल, ते एपीटीने (उबंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) टाका. डिस्ट्रोच्या रेपोतून (तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) टाकलेला ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की त्याच्यासोबत जुळवून घेतला जातो. साइटवरून आणलेली .रन फाइल बहुतेकदा तशीच राहते, आणि महिन्याभराने एखाद्या निवांत रविवारी कर्नल बदलला की परत अंधार. शिवाय ती सिस्टिमच्या लायब्ररींवर आपल्या फाइली चढवते, एपीटीला त्याचा पत्ता नसतो. साइटवरून ड्रायव्हर उतरवायची विंडोजची सवय इथे आणू नका, एवढंच माझं तुम्हाला सांगणं आहे. स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या दोन व्यवस्था असतात, जुनी झॉर्ग आणि नवी वेलँड. ४७० टाकल्यावर लॉगिनच्या वेळी खाली कोपऱ्यातलं चाक दाबून झॉर्गवालं सेशन निवडा. वेलँडवर या जुन्या शाखेशी झगडण्यात अर्थ नाही.

आणि हो, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी मशीनची सेटिंग) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. ती १० सेकंद थांबते. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात किंवा चहा आणायला जातात, की नोंदणी राहिली आणि मॉड्यूल लोड होत नाही. तिथे 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. निम्म्या लोकांची रडगाणी या एका स्क्रीनपाशी संपतील.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जुन्या फर्मीवर नुवो कार्डाला पूर्ण वेगाने पळवत नाही. फॉर्म भरणं, टायपिंग, दोन मॉनिटर, व्हिडिओ बघणं, इतपत ठीक. तुम्ही ब्लेंडर किंवा गेमसाठी हे कार्ड घेतलं असेल तर ड्रायव्हरशी कुस्ती सोडा, कार्ड विका. आणि ग्रबमध्ये नोमोडसेट (nomodeset, म्हणजे ग्राफिक्सचे ड्रायव्हर बाजूला ठेवा) लिहून मिळालेल्या स्क्रीनवर 'सुटला प्रॉब्लेम' म्हणून बसू नका. ते दुरुस्तीपुरतं आत शिरायला असतं. कायमचं ठेवलंत तर सगळं चित्रण प्रोसेसरच्या माथी, ग्लेक्सइन्फो (glxinfo) मारून बघा, रेंडररच्या जागी कार्डाऐवजी एलएलव्हीएमपाइप (llvmpipe) दिसेल.

इथे माझ्या उत्तराखाली कुणीतरी २०१२ चा तो लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा एनव्हिडियाला मधलं बोट दाखवण्याचा व्हिडिओ टाकणार, म्हणून आधीच बोलतो. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलंय. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग मुक्त परवान्याखाली खुला केला, तो जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढच्या कार्डांना चालतो, आणि आरटीएक्स ५० मालिकेला तर तोच लागतो, जुनं बंद मॉड्यूल चालतच नाही. म्हणजे नवं कार्ड असेल तर पॅकेजच्या नावात शेवटी 'ओपन' असलेला ड्रायव्हर घ्यायचा. जुन्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डवाल्यांनी ५८० च्या शाखेवर थांबायचं, त्यापुढच्या शाखा ते कार्ड घेत नाहीत. दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपची कथा वेगळी आहे, ती मी इथे लिहीत बसत नाही. एएमडीचं बऱ्यापैकी नवं कार्ड असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. म्हणून लिनक्ससाठी कार्ड घेताय म्हटलं की मी एएमडीच सांगतो. कूडा (कार्डावर गणितं करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) लागत असेल तर मात्र गत्यंतर नाही, एनव्हिडियाच.

केबल मदरबोर्डच्या पोर्टात न लावता कार्डाच्या पोर्टात लावलीय ना, तेवढं मागे वाकून बघून घ्या. विचारतो म्हणून रागवू नका, भल्याभल्यांचं तिथेच अडकतं.

दादा आता नवं मशीन घेतोय. मी सांगितलंय, इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतं, तसलाच घे, दोन पोर्टांचा मदरबोर्ड घे, कार्डाची भानगडच नको. काल त्या पोराचं कोटेशन आलंय. तिसऱ्या ओळीत जीटी ७३०.