वाचकांचे प्रश्न : भर रात्री घोड्याची सावली

प्रश्न : १९३०च्या दशकातल्या स्वस्तातल्या वेस्टर्न (अमेरिकी काउबॉयांच्या) रहस्यपटांत पात्रं ‘रात्र झाली’ म्हणतात आणि जमिनीवर घोड्याची सावली लख्ख पडलेली असते. असं का? आम्हाला रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी असाच कृष्णधवल लघुपट करायचा आहे. (वाचक, पंचवटी)

उत्तर : तो प्रसंग दिवसाच चित्रित केलेला असतो. उघड्या माळावर रात्री दिवे, जनरेटर आणि माणसं न्यायची तर खर्च झेपत नसे. मग उन्हातच एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, दीडदोन स्टॉप कमी ठेवत (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि लाल फिल्टर लावून निळं आकाश काळवंडून घेत. पुढे कोणी प्रिंट उजळ काढली की मात्र रात्रीची दुपार होते. तुम्ही पाहिलेली प्रत बहुधा तशीच असावी.

तुम्ही सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर शूट करा. सूर्य कलाकारांच्या पाठीमागे हवा, म्हणजे खांद्यांना चांदण्यासारखी कड येते. आकाश फ्रेममध्ये शक्य तितकं कमी घ्या. २५ नंबरचा लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप प्रकाश खातो. त्यातला एकच भरून काढा, दोन स्टॉप अंधार आपोआप मिळतो. मोबाइलवर एक्सपोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर तो लगेच चित्र उजळ करून टाकतो. पांढरा सदरा टाळा, तो ट्यूबलाइटसारखा चमकतो. लाल फिल्टरमध्ये ओठ फिके पडतात, म्हणून लिपस्टिक तपकिरी घ्या.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर असा एक चित्रपट दाखवला. सगळे नायक जाडे दिसले! (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : नायकांचा दोष नाही. बोलपट रुळल्यानंतरची ती चौकट (रुंदी : उंची) १.३७ : १ असते, तुमचा पडदा १६ : ९. आठ फुटी पडद्याची उंची साडेचार फूट, त्यात चित्राची रुंदी सहा फूट दोन इंचच भरते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच काळं राहायलाच हवं. प्रोजेक्टरवर ‘फुल’ नको, त्यात चित्र आडवं ताणलं जातं; ४ : ३ निवडा. ‘झूम’ तर मुळीच नको, वरखालचं मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं आणि नायकाची टोपी जाते. पारख सोपी आहे : समोरून आडव्या जाणाऱ्या घोडागाडीचं चाक गोल दिसतंय का, तेवढं बघा.

प्रश्न : ‘रँडी राइड्स अलोन’मध्ये खलनायक लवकरच कळतो. मग रहस्य कसलं? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : चित्रपट न पाहिलेल्यांनी हे उत्तर सोडून द्यावं. १९३४चा हा चित्रपट तासाभराचाही नाही, आणि त्यातला बराच वेळ घोडदौडीत जातो. कलाकार मोजकेच. जॉर्ज हेज हाच दरोडेखोरांचा म्होरक्या आणि तोच गावातला मुका मॅट. स्टंटचा बादशहा याकिमा कनट त्याच्याच टोळीत. संशयित उभे करायला माणसं आणायची कुठून? म्हणून कोडं ‘कोण’ हे नसून नायकाला ते केव्हा उमगतं हे आहे.

खरी कमाई सुरुवातीला आहे. नायक जॉन वेन दारूच्या गुत्त्यात शिरतो, पियानो आपोआप वाजतोय आणि चहूकडे प्रेतं. सेट एकच, संवाद जवळपास नाहीत, पियानोवाल्याची मजुरीही वाचलेली. पुढच्या कुठल्याही पाठलागाला ही धार नाही. पुन्हा पाहाल तेव्हा चिठ्ठ्यांच्या हस्ताक्षराकडे लक्ष द्या. मुका माणूस लिहून बोलतो, आणि तिथेच तो सापडतो.