खासगी कंपन्या आल्याने मंगळमोहिमा खरंच स्वस्त होतात का?

तुम्ही विचारलंय, खासगी कंपन्यांना सोबत घेतल्याने मंगळावर यानं स्वस्तात जातात हे खरं का, आणि त्यात विज्ञानाचा दर्जा घसरतो का. स्वस्तात जातात, हे खरं. दर्जा घसरलाच पाहिजे असं नाही. पण जोखीम वाढते आणि तारीख आपल्या हातात राहत नाही.

मी रावेर तालुक्यातला. घरी केळी आहे आणि अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. शेतात मजूर रोजाने लावले तर काम लांबेल तसा खर्च मालकाच्या डोक्यावर. उक्तं दिलं तर आकडा आधीच ठरतो, लांबलं तर घेणारा सोसतो. नासाची मोठी यानं बहुधा रोजाच्या हिशोबाने बांधली जातात. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा खर्च २७० कोटी डॉलरच्या घरात गेला.

आता नासाची एस्कपेड ही मंगळमोहीम बघा. ब्लू आणि गोल्ड ही दोन जुळी यानं. विज्ञान बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं, बांधणी रॉकेट लॅबची, उड्डाण ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेन रॉकेटवर. सगळं मिळून दहा कोटी डॉलरच्या आसपास, त्यातले उड्डाणाचे सुमारे २ कोटी. रॉकेट नवं होतं, म्हणून भाव कमी. न्यू ग्लेनचं हे दुसरंच उड्डाण.

या स्वस्ताईची किंमत वेळेत मोजावी लागली. आधी ही यानं सायकी या लघुग्रहाकडे जाणाऱ्या नासाच्या मोहिमेच्या रॉकेटवर सोबतीने जाणार होती. सायकीचं रॉकेट बदललं, मार्ग बदलला आणि ही राहिली. दिल्लीला निघालेल्या ट्रकमध्ये उरलेल्या जागेत आपला माल टाकायचा आणि ट्रकनेच रस्ता बदलायचा, तसं झालं. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात न्यू ग्लेन वेळेत तयार होईना. शेवटी १३ नोव्हेंबर २०२५ ला उड्डाण झालं, तेव्हा मंगळाकडे थेट जाण्याची वेळ नव्हती. म्हणून यानं आधी पृथ्वी-सूर्याच्या एल-२ बिंदूच्या (सूर्याच्या उलट बाजूला, पृथ्वीपलीकडची एक जागा, जिथे यान थोड्या इंधनात थांबू शकतं) बाजूला थांबायची, नोव्हेंबर २०२६ मध्ये पृथ्वीजवळून वेग घेऊन निघायची आणि सप्टेंबर २०२७ मध्ये पोचायची, असा बेत आखला. मला हे सगळ्यात आवडलं. उशिराच्या अडचणीतून गणिताने वाट काढली.

आणि दोन यानं का? मे महिन्यात वादळ सुटलं की यावलच्या मावसभावाचा फोन येतो, "वारं सुटलं भो, बाग सांभाळ." अर्ध्या तासाने आमच्या बागेत घड हलायला लागतात. एकट्या माझ्या शेतात उभं राहून कळत नाही, वारं आधी कुठे वाढलं. सौर वाऱ्याचंही, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचंही, तसंच. एक यान येणारा झोत मोजतं, त्याच वेळी दुसरं बघतं की मंगळाच्या वातावरणातून काय निसटतंय. एकाच यानाला हे साधत नाही. म्हणजे स्वस्तपणामुळे इथे विज्ञान उलट वाढलं.

अपयश मात्र धरून चालावं लागतं. एस्कपेड नासाच्या ज्या कमी खर्चाच्या मोहिमांच्या योजनेत आहे, त्यातलंच लूनार ट्रेलब्लेझर हे यान २६ फेब्रुवारी २०२५ ला चंद्राकडे निघालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा संपर्क तुटला. लघुग्रहांकडे जाणारी जानस नावाची दोन यानं बांधून तयार होती, तीही सायकीच्याच सोबतीने जाणार होती, पण सायकी लांबली आणि ती गोदामात ठेवावी लागली.

माझं मत विचाराल तर गाडी, रॉकेट, रेडिओचा दुवा खुशाल उक्ता द्या. काय मोजायचं आणि का मोजायचं, हे मात्र शास्त्रज्ञांनीच ठरवावं. एस्कपेडमध्ये ते बर्कलेकडे राहिलं, आणि कॅमेरे तर नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाने बनवले.